बटईची भाषा, मक्त्याचे पैसे

ताई, तुमचा प्रश्न आधी दोन ओळींत मांडतो, म्हणजे मला नीट कळला की नाही ते तुम्हाला पाहता येईल. तुम्ही आर्वी तालुक्यातल्या एका गावात शाळेवर आहात. जूनमध्ये जवळच्याच एका शेतकऱ्याकडे चोवीस आठवड्यांच्या भाजीचे ९,६०० रुपये एकदम भरले. दर आठवड्याला पाच किलो, सात-आठ प्रकार, विषमुक्त, सकाळी तोडलेली भाजी, असं ठरलं. आता ऑगस्ट संपतो आहे आणि अकरा आठवडे झाले. तीन आठवडे टोपली आलीच नाही. आली तेव्हा बहुतेकदा दुधी, दोडकी आणि आंबाडी होती, वजन साडेतीन किलोच्या आसपास भरलं आणि मेथी पिवळी पडलेली निघाली. दोनदा फुलकोबी आणि हिरवा वटाणा आला, तो बाजारातल्यासारखाच वाटला. विचारलं तर उत्तर मिळालं, "ताई, शेतीत जोखीम असतेच, तुम्ही वाटेकरी आहात." त्यानंतर ग्रुपवर शांतता. ही फसवणूक आहे का, पैसे परत मागावेत का, आणि पुन्हा कुणाकडे असं लावावं का, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

मी तेरा-चौदा वर्षं हेच काम करतो. वर्धा जिल्ह्यातच, विहिरीच्या पाण्यावर, एकरभर भाजी आणि ठरलेली घरं. त्यामुळे तुमच्या शेतकऱ्याची बाजू मला कळते आणि त्याच्या सबबीही कळतात. त्यातल्या काही मीही वापरल्या आहेत.

त्याचं ते "तुम्ही वाटेकरी आहात" हे वाक्य आधी घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. वावर द्यायच्या आपल्याकडच्या दोन जुन्या रीती तुम्हाला ठाऊक असतील. मक्त्यात पैसे आधी मोजून द्यायचे. मालकाला पैसा मिळाला की त्याची काळजी संपली, पुढे पिकलं काय आणि बुडालं काय, मक्तेदार पाहून घेईल. पण मक्तेदाराच्या हातात निदान वावर असतं आणि आलेलं सगळं पीक त्याचं असतं. बटईत खर्चही अर्धा आणि मालही अर्धा. बुडालं तर दोघांचं बुडतं, पण पिकलं तर दोघांचं पिकतं, आणि बियाण्याची पावती दोघांनी पाहिलेली असते. तुमच्याकडून पैसे घेतले मक्त्याचे, वावर ठेवलं स्वतःच्या हातात, आणि पाऊस लागल्यावर भाषा सुरू केली बटईची. वाटेकरी म्हणायचं तर मग सांगा, ज्या आठवड्यात त्याच्याकडे भेंडी भरपूर निघाली असेल त्या आठवड्यात तुमच्या घरी दुप्पट भेंडी आली का? की ती गुजरीत, म्हणजे भाजीबाजारात गेली? भरभराट वाटून दिली ती फक्त दुधीची, असं तुमच्या यादीवरून दिसतं.

ही कल्पना मुळात जपानमधली. १९७० च्या दशकात तिथल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट बांधून घेतलं, त्याला 'तेइकेइ' म्हणतात. पुढे १९८६ च्या सुमाराला अमेरिकेत हंगामाचे पैसे आधी भरायची रीत सुरू झाली. तिथे मंडळी वर्षाच्या सुरुवातीला एकत्र बसून शेताचा पूर्ण खर्च पाहायची आणि मग तो घरांवर वाटून घ्यायची. जोखीम वाटून घेणं हे त्या हिशेबानंतर येतं. आपल्याकडे हिशेब गळला आणि जोखीम तेवढी आली.

आता त्याचं नेमकं काय चुकलं असावं ते सांगतो. माझ्या मते त्याने तुम्हाला जाणूनबुजून बुडवलेलं नाही. त्याने दोन गणितं चुकवली आहेत.

पहिलं तारखांचं. टोपली जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली. आपल्या काळ्या जमिनीत पावसावर पेरलेली भेंडी पहिल्या तोड्याला यायला पंचेचाळीस ते पन्नास दिवस लागतात, दुधी-दोडक्यांना पंचावन्न-साठ. म्हणजे जूनच्या टोपलीत जे हवं होतं ते एप्रिलमध्ये, भर उन्हात, ओलिताखाली लावलेलं असायला हवं होतं. वेल त्याने लावले असणार, म्हणून दुधी आणि दोडकी आली. बाकी सगळं त्याने पावसाबरोबर, एकाच वेळी पेरलं असावं. कपाशीवाल्याला ती सवयच असते. मृगाचा पाऊस झाला की एका दमात वावर पेरून मोकळं व्हायचं. भाजीत ते चालत नाही. मेथी महिन्यात संपते, पालकाची पहिली कापणी महिनाभरात येते, मुळ्याला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. दर दहा-बारा दिवसांनी दोन-दोन वाफे टाकत राहिलं तरच दर आठवड्याला काहीतरी तोडायला असतं. एकदाच पेरलं की दोन आठवडे मेथीच मेथी आणि पुढचे पाच आठवडे कोरडे.

त्यात जुलैची झड. सात-आठ दिवस उघाड नाही, वावरात पाय घातला तर पोटरीपर्यंत फसतो, वाफसा येत नाही, म्हणजे जमीन पेरणीजोगी सुकत नाही, त्यामुळे पुढची पेरणीही होत नाही. भारी जमिनीत पाणी साचलं की मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, मुळापासून सडतात. ज्याने उंच गादीवाफे केले आणि कडेने चर काढले त्याचं थोडं वाचतं. हा निसर्गाचा भाग खरा, पण विदर्भात जुलैत झड लागते ही काही अचानक कळणारी बातमी नाही.

दुसरं गणित घरांचं. त्याच्याकडे दीड एकर आहे आणि ग्रुपवर सत्तर घरं आहेत, असं तुम्ही लिहिलं आहे. सत्तर घरं गुणिले पाच किलो म्हणजे आठवड्याला साडेतीनशे किलो. माझा अनुभव असा, की एकरभर मिश्र भाजीतून थंडीच्या चांगल्या आठवड्यात अडीचशे किलोही निघते, आणि झडीच्या आठवड्यात साठ-सत्तर किलो निघाली तरी नशीब. त्याने घरं मोजली ती चांगल्या आठवड्यावर. मोजायची असतात वाईट आठवड्यावर. मी सध्या एकरावर बावीस घरं घेतो आणि पहिल्याच दिवशी सांगतो की जुलै-ऑगस्टमध्ये तीन किलो मिळेल, डिसेंबर-जानेवारीत सहा-सात. लोक कुरकुरत नाहीत. कुरकुर होते ती पाच सांगून साडेतीन दिल्यावर.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. २०१३ चा पावसाळा तुमच्याही लक्षात असेल, विदर्भात तेव्हा पावसाने पाठ सोडली नव्हती. माझं ते दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी कौतुक झालं म्हणून मी एकदम चाळीस घरं घेतली. जुलैत दहा दिवस झड लागली, भेंडीवर केवडा रोग आला, पानं हळदीसारखी पिवळी पडली, पालेभाजी सडली. शनिवारच्या टोपलीला हातात काय, तर धोप्याची, म्हणजे अळूची पानं आणि चार कोहळी. पहाटे पाचला उठून मी गुजरीत गेलो, हर्रासात, म्हणजे लिलावात, मेथीचे भारे आणि वांगी घेतली, घरी आणून धुतली आणि आपल्याच टोपल्यांत भरली. कुणाला सांगितलं नाही.

अकराव्या घरी एक आजी होत्या. त्यांनी जुडी उचलली, उलटी केली, मुळांना चिकटलेली माती अंगठ्याने चोळली आणि म्हणाल्या, "बाबू, हे माती आपल्या वावरातली नाई." मी तेवढ्या घाईत भारे धुतले होते, पण मुळांच्या बेचक्यात तांबूस भुरी माती राहिली होती. आपली काळी माती ओली असेल तर मुळाला लोण्यासारखी धरून बसते आणि वाळली की तिचे टणक खडे होतात, बोटाने सहज चुरत नाहीत. आजींना तेवढं पुरलं. त्या दिवशी मी सगळ्या घरी परत जाऊन सांगितलं. सहा घरांनी सोडलं. आजींनी नाही सोडलं, पण पुढे दोन वर्षं प्रत्येक जुडी उलटी करून पाहायच्या.

हे सांगितलं ते तुमच्या वटाण्यासाठी. आपल्याकडे वटाणा थंडीचा. जुलै-ऑगस्टमध्ये वर्ध्याच्या वावरात हिरव्या वटाण्याची शेंग भरत नाही. ती बाहेरच्या थंड मुलखातून आलेली असते. फुलकोबीचंही या दिवसांत तेच. पुढे गाजर आलं आणि ते वीतभर लांब, सरळ, गुळगुळीत निघालं तरी शंका घ्या. आपल्या भारी जमिनीत गाजराला फाटे फुटतात, मुळाही आखूड राहतो. त्याने बाजारातून भाजी आणली हा गुन्हा मी मानत नाही. "या आठवड्यात झडीने मार खाल्ला, वटाणा बाजारचा आहे, फवारणीची खात्री नाही" असं चिठ्ठीवर लिहिलं असतं तर तुम्ही चालवून घेतलं असतं. विषमुक्त म्हणून पैसे घ्यायचे आणि न सांगता बाजारचा माल भरायचा, हे मात्र जोखमीत बसत नाही. पाऊस त्याच्या हातात नव्हता. ही टोपली होती. हा मुद्दा वजनाच्या हिशेबात मिसळू नका, वेगळा विचारा.

पिवळ्या मेथीचं कारण साधं आहे. ती सकाळी तोडलेली नाही. आदल्या संध्याकाळी तोडून, पाणी मारून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली आहे. बंद पिशवीत पालेभाजीला घाम सुटतो, रात्रभरात ती तापते आणि पिवळी पडते. पहाटे कापावी, पाणी निथळू द्यावं, ओल्या गोणपाटात सैल गुंडाळावी. दुपारपर्यंत टवटवीत राहते. एवढ्यासाठी पहाटे साडेचारला दोन बाया लागतात, आणि त्या बाया मिळणं हेच या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे.

जाता जाता एक. दुधी कडू लागला म्हणून फेकला असं लिहिलंत, बरोबर केलंत. कडू दुधीची भाजी किंवा रस कधीही घेऊ नये, त्यातल्या कडू द्रव्याने जीवघेणी उलटी-जुलाब होऊ शकतात. शिजवून कडूपणा जात नाही. टोपलीत दुधी आला की आधी एक फोड चाखून थुंकून टाकायची सवय ठेवा, मग तो कुणाच्याही वावरातला असो.

आता पैशाचं. माझा सल्ला तुम्हाला थोडा विचित्र वाटेल: पैसे मागण्याआधी एकदा वावर पाहून या. कारण तुमचे तेरा आठवडे, म्हणजे ५,२०० रुपये, अजून पुढे आहेत, आणि भाजीचे चांगले दिवस आता कुठे सुरू होणार आहेत. ते चांगले जातील की नाही हे आज त्याच्या वावरात लिहिलेलं आहे, फक्त वाचता आलं पाहिजे.

गेल्यावर त्याला वेल दाखवू देऊ नका, ते तो दाखवणारच. वांगी कुठे आहेत विचारा. ऑक्टोबरला वांगी खायची तर झाड आज गुडघ्याएवढं, फुलावर असलं पाहिजे. टमाटराची रोपं वावरात लागलेली असली पाहिजेत. मग फुलकोबी-पानकोबीची रोपवाटिका विचारा. बी आज टाकलं तर महिन्याने लावणी, आणि लवकर येणारी जात धरली तरी पुढे दोन महिने. म्हणजे तुमचे आठवडे संपतात तेव्हा गड्डा धरायला लागेल. रोपं आज गादीवाफ्यावर बोटभर उंच दिसली नाहीत, तर तुमच्या टोपलीत येणारी कोबी बाजारचीच असणार. पालेभाज्यांचे वाफे तीन वेगवेगळ्या वयांचे दिसले तर समजा की माणूस शिकला.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: कापूस वेचणीच्या दिवसांत भाजी कोण तोडणार? दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी एकदम येते. वेचणीला किलोवर पैसे मिळतात, गावातल्या सगळ्या बाया तिकडे जातात, आणि त्यांनी जावंच. भाजीवाल्याची भेंडी मात्र झाडावर जून होते. माझ्याकडे दोघी वर्षभर ठरलेल्या आहेत, त्यांना वेचणीच्या दिवसांत वेचणीएवढं देतो, तेव्हा कुठे टोपली निघते. त्याच्याकडे याचं उत्तर नसेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा तीन आठवडे बुडाले समजा.

पाहून आल्यावर हिशेब असा मांडा. न आलेले तीन आठवडे, १,२०० रुपये. आलेल्या आठ टोपल्यांत दीड-दीड किलो कमी, म्हणजे बारा किलो. तुमच्या करारातला भाव ८० रुपये किलो पडतो, म्हणून ९६०. एकूण २,१६०. वावर ठीक वाटलं तर हे रोख मागू नका, डिसेंबरपासून पुढे पाच-साडेपाच आठवड्यांची टोपली वाढवून मागा. डिसेंबर-जानेवारीत त्याच्याकडे माल असेल आणि गुजरीत भाव पडलेला असेल, त्यालाही ते परवडतं. तुम्हाला मेथी, वालाच्या शेंगा, हरभऱ्याची कोवळी भाजी मिळेल. वावर रिकामं दिसलं तर २,१६० आणि पुढचे ५,२०० असे ७,३६० परत मागा, आणि तोंडी नाही, तारीखवार लिहून मोबाईलवर पाठवा. त्याच्याकडे पैसा एकरकमी नसणार, तो बियाण्यात, ठिबकाच्या नळ्यांत आणि निंदणाच्या मजुरीत गेलेला आहे. तीन हप्ते द्यायला तयार झाला तर घ्या.

नाहीच बधला तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पैसे भरल्याची पावती आणि ग्रुपवरचा तो "पाच किलो, सात-आठ प्रकार" वाला मजकूर जपून ठेवा. मी स्वतः ७,३६० साठी एवढ्या लांब जाण्याआधी ग्रुपवरच्या आणखी दहा घरांना बरोबर घेऊन त्याच्या ओसरीवर बसलो असतो. गावात त्याचा जास्त उपयोग होतो.

विषमुक्त म्हणजे काय, हेही तुम्ही विचारलं आहे. लहान शेतकरी थेट घरी माल देत असेल तर २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार त्याला सेंद्रिय प्रमाणपत्राची सक्ती नाही, त्यामुळे कागद नसणं म्हणजे खोटेपणा नव्हे. पण मग त्याचं वावर हाच त्याचा कागद. पीजीएस नावाची सहभागी हमीची सरकारी पद्धत आहे, तिच्यात शेजारचे किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात. तसा गट असेल तर इतर चौघांना फोन करता येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, तेव्हापासून आपल्याकडे विषमुक्त हा शब्द लोक फार मनावर घेतात, आणि काही जण तो विकतातही. वावराच्या बांधाला लागून दुसऱ्याची कपाशी असेल तर मध्ये तुरीच्या चार ओळी किंवा दाट कुंपण आहे का बघा. वाऱ्याबरोबर फवारा उडून येतो, तो बांध ओळखत नाही.

पुन्हा कुणाकडे लावायचं असेल तर जूनमध्ये सुरू करू नका. दसऱ्याला सुरू करा. नवशिक्या शेतकऱ्यालाही थंडी सांभाळून घेते, आणि तोवर त्याचा हात बसतो. पैसे महिन्याचे द्या. पूर्ण हंगामाचे आगाऊ मागत असेल तर बियाण्या-मजुरीचा खर्च काढून दाखव म्हणा, दाखवणारा असेल तर खुशाल द्या. मला ते पैसे मे महिन्यात फार कामी येतात, ते मी लपवत नाही. आणि मे महिन्याची टोपली कशी असेल हे विचारा. पंचेचाळीस डिग्रीत टमाटराचं फूल गळतं, पालक कडवट होतो. जो म्हणेल "मेमध्येही आठ प्रकार देतो" त्याच्याकडे लावू नका. ढेमसे, चवळीच्या शेंगा, चिवळीची भाजी, कांदे आणि डब्यात भरलेल्या वाळवलेल्या गवारीच्या शेंगा देतो म्हणेल, तो खरं बोलतो आहे.

रविवारी जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, न सांगता जाऊन पकडायचं काही नाही त्यात. आणि जुन्या चपला घाला. पाऊस नुकताच झालेला असला तर काळ्या मातीत पाचव्या पावलाला चप्पल दोन किलोची होते, मग ती हातात घेऊनच वांग्याच्या ओळीपर्यंत जावं लागतं.